नाळ बरी इल्ला

त्या वर्षी गणपती गेले आणि जाताना सगळ्या बेळगावला खोकला देऊन गेले. मिरवणुकीत भिजत नाचलेली मंडळी तापानं फणफणत होती. आमच्या अनगोळच्या गल्लीत एक घर खोकायचं थांबलं की शेजारचं सुरू व्हायचं. मी तेव्हा चार महिन्यांची गरोदर होते आणि मराठी शाळेत पहिलीचा वर्ग शिकवत होते. शिंक आली की तोंडावर हात धरायचा, हे मी मुलांना रोज सांगायचे. मुलं गुणी होती. तोंडावर हात धरून शिंकायची आणि "टीचर, शिंकलो" असं सांगायला येऊन तोच हात माझ्या साडीला पुसायची.

डॉक्टरीणबाईंचा दवाखाना कॅम्पात होता. त्यांनी मला तपासलं, वजन बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, "फ्लूची लस घेऊन टाका. पहिलीला शिकवता, म्हणजे तुम्ही दिवसभर खोकल्यातच उभ्या असता. पोटात बाळ असताना फ्लू झाला तर तो साधा राहत नाही, छातीत उतरतो. लशीतला विषाणू मेलेला असतो, त्यानं आजार होत नाही. आणि बाळ जन्मल्यावर पहिले काही महिने त्यालाही तिचा उपयोग होतो."

सरळ गोष्ट होती. मी एरवी अशी बाई आहे की, दुकानात पहिली साडी आवडली तर दुसरी उघडू देत नाही. पण त्या दिवशी मी खाली बघत म्हणाले, "विचार करून सांगते."

आदल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर, तिसऱ्या महिन्यात माझं पोट खाली झालं होतं. खाली झालं, हा आमच्याकडचा शब्द. एखादं घमेलं पालथं करावं तसा तो बायका वापरतात, आणि मला त्याचा फार राग आहे. त्याहून जास्त राग मला नंतर जे सुरू झालं त्याचा आला. ते का झालं, याचा शोध. माझ्या आईचं म्हणणं, स्कूटरमुळं झालं. शेजारच्या काकूंचं म्हणणं, पपई. एका लांबच्या मावशीनं तर फोनवर मी ग्रहणात भाजी चिरली होती का, असं विचारलं, आणि मी त्या वर्षातल्या सगळ्या भाज्या आठवत बसले. सासूबाईंना मी आत्ती म्हणते. आत्ती काहीच बोलल्या नव्हत्या. पण त्याच आठवड्यात मी धनुर्वाताचं, म्हणजे टीटीचं इंजेक्शन घेतलं होतं, आणि तेव्हापासून घरात सुई हा शब्द निघाला की त्या उठून आत जायच्या. त्यावरून मला जे समजायचं ते मी समजले होते. सून शिकलेली, दवाखाने करणारी, सुया टोचून घेणारी, तिनंच घालवलं. त्यांच्या मनात हेच असणार, असं मी ठरवूनच टाकलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्याही वेळी समजावून सांगितलं होतं. गर्भच नीट रुजलेला नव्हता, यात कुणाची चूक नाही, टीटीचा काही संबंध नाही. मला ते पटलंही होतं. दिवसा पटायचं. मग आंघोळ करताना, भाकरी थापताना, मुलांच्या वह्या तपासताना डोक्यात एक बारीक आवाज म्हणायचा, पण समज, नसतं घेतलं तर? त्या आवाजाला मी शाळेतल्या छडीची भीती घालून बघितली. तो काही गप्प बसला नाही.

तर आता चार महिने झाले होते, मागच्या वेळची वेस ओलांडली होती, सोनोग्राफीत बाळ हातपाय झाडताना दिसलं होतं, आणि मी इतकी खूश होते की वर्गात पाढे म्हणताना मधेच हसायचे. अशा वेळी लस. सगळं छान चाललंय त्यात आपणहून काहीतरी टोचून का घ्यायचं? आणि नाही टोचून घेतलं, आणि पहिलीतल्या कुणीतरी प्रेमानं मला फ्लू दिला, तर?

घरात मतं घेतली. आत्ती म्हणाल्या, "सुई नगं," आणि आत गेल्या. माझी आई निपाणीहून फोनवर ओरडली, "डाक्टर सांगतीया तर घे की गं! तू काय तिच्यापेक्षा शानी हाईस?" तिचा आवाज एवढा मोठा होता की फोन नसता तरी ऐकू आला असता. नवरा उद्यमबागेत लेथवर काम करतो. एका केसाइतका फरक पडला तर तो अख्खा पार्ट फेकून देतो. पण घरी कुठलाही प्रश्न विचारा, त्याचं एकच उत्तर. "तू म्हणशील तसं." हे वाक्य ऐकायला मोठं आदराचं आहे. पण ज्या बाईला काय म्हणावं हेच कळत नसतं तिला ते ऐकून लाटणं फेकून मारावंसं वाटतं. मी फेकलं नाही. नुसतं जोरात आपटलं.

"बरं, घे," तो म्हणाला.

"का घेऊ?"

"मग नको घेऊ."

या माणसाशी भांडताही येत नाही.

असे पंधराएक दिवस गेले. शेवटी मी दवाखान्यातल्या सिस्टरला सांगितलं, एक लस माझ्यासाठी मागवून ठेवा, आली, नाही आली, ते कळवा, मग मी बघते. हे 'मग मी बघते' म्हणजे निर्णय नव्हता, पण निर्णयासारखं दिसत होतं, आणि मला तेवढ्यानंच हलकं वाटलं. शाळेत फोन कपाटात ठेवायचा नियम, म्हणून मी आत्तींचा नंबर दिला. तिथंच सगळं महाभारत झालं.

सिस्टर बैलहोंगलकडची. मोठी हसरी बाई, चार माणसांचं काम एकटी करायची आणि तेवढंच एकटी बोलायची, सगळं कानडीत. मला कानडी चांगली येते, सरकारी नोकरीत ती आलीच पाहिजे. आत्ती मात्र जांबोटीकडच्या रानातल्या. लग्न होऊन अनगोळात आल्या त्याला जन्म झाला, तरी त्यांची कानडी बाजारापुरतीच. एष्टु म्हणजे केवढ्याला, बेड म्हणजे नको, इल्ला म्हणजे नाही. भाजी घ्यायला एवढी पुरते. त्यातला इल्ला तर त्यांनी मराठीतच घेऊन टाकलाय. डब्यात साखर संपली की त्या म्हणतात, "साखर इल्ला."

त्या दिवशी दुपारी सिस्टरचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "अक्का, लसिके बंदिल्लरी. नाळे बर्री. इवत्त इल्लरी."

कानडी येणाऱ्याला यात काहीच विशेष नाही. लस आलेली नाही, उद्या या, आज नाही. पण आत्तींनी फोन दोन्ही हातांनी कानाला धरलेला, आणि फोन कुठून आलाय तर पोटातलं बघणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडून. त्यांना जे ऐकू आलं ते असं. लस बंद. नाळ बरी इल्ला.

नाळे म्हणजे उद्या, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. दूधवाल्यानं म्हटलं असतं तर कळलं असतं. पण सुनेच्या दवाखान्यातून आलेल्या फोनवर नाळे म्हटल्यावर दुसरं काय कळणार? नाळ बरी नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी लस बंद केली. गोष्ट कशी चोख जुळली होती. त्यांनी "का? काय झालंय नाळंला?" असं विचारलं, तोवर सिस्टरनं फोन ठेवलेला.

संध्याकाळी मी शाळेतून घरी आले. पायरीवर चपला बघूनच थबकले. नवऱ्याच्या चपला, तो या वेळी कधी घरी नसतो. आणि माझ्या आईच्या चपला, ज्या निपाणीला असायला हव्या होत्या. दारातून आत बघितलं तर आई खुर्चीत बसलेली, अंगावर प्रवासाची साडी, मांडीवर पिशवी, पिशवीत कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी. आमच्याकडं आनंद असो की संकट, माणूस शेंगाचटणीशिवाय येत नाही. नवरा भिंतीला टेकून उभा, हाताचं ग्रीससुद्धा धुतलेलं नाही. आत्ती देवापुढं बसलेल्या.

मी दारातूनच विचारलं, "काय झालं? कोण गेलं?"

"तू आदी बस," आई म्हणाली. माझी आई जेव्हा हळू आवाजात बोलते तेव्हा खरंच घाबरावं.

"अहो, बोला ना काहीतरी!"

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "दवाखान्यातनं फोन आलता. नाळेचं काहीतरी प्रॉब्लेम हाय म्हणाल्या. लस द्यायची न्हाय म्हणाल्या." लेथवर केसाचा फरक ओळखणारा माणूस, त्याच्या हनुवटीला ग्रीस लागलंय हेही त्याला कळलं नव्हतं.

मी खाली बसले ती जमिनीवरच. ती पाच-दहा मिनिटं कशी गेली ते मला नीट सांगता येणार नाही. मी दोन्ही हात पोटावर धरले होते आणि मनात बाळाशी बोलत होते. आईनं पाणी आणलं. आत्ती देवापुढून उठून आल्या आणि माझ्या मागं बसल्या, पाठीला हात न लावता, नुसत्या जवळ. कुणी कुणाला दोष देत नव्हतं. मी मात्र सवयीनं शोध सुरू केला होता. बसमध्ये उभी राहिले त्यानं झालं असेल? फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहायला टाचा उंचावल्या त्यानं? आणि तेवढ्यात एक गोष्ट माझ्या लख्ख ध्यानात आली. लस तर मी घेतलीच नव्हती.

घेतली नव्हती आणि तरी मी जमिनीवर बसले होते. पंधरा दिवस मी अशा समजुतीत होते की सुई टाळली की भीती टळेल. भीतीला सुईचं काही देणंघेणंच नव्हतं. ती तशीही चप्पल घालून घरात येणारच होती.

मग मला राग आला. मला राग आला की मी बरी असते. "नक्की काय म्हणाली ती सिस्टर? शब्द सांगा तिचे."

आत्तींनी डोळे मिटले आणि जसं ऐकलं तसं म्हणून दाखवलं. "लस बंद म्हणाली. मग म्हणाली, नाळ बर्री, आनि इल्ला म्हणाली. नाळ बरी इल्ला."

"बरी म्हणाली का बर्री?"

"बर्रीच म्हणाली. लई जोर देऊन म्हणाली. म्हणूनच तर मी सगळ्यास्नी फोन लावले."

मी सिस्टरला फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. नवरा भिंतीपासून सरकून जवळ आला. सिस्टर मागं कुणाशी तरी बोलता बोलता म्हणाली, "हां मॅडम, हेळ्री." म्हणजे, सांगा. मी कानडीत विचारलं, दुपारी तुम्ही काय निरोप दिलात? ती म्हणाली, लस आलेली नाही, उद्या या, म्हटलं. काय झालं? मी विचारलं, नाळेचं काय म्हणालात?

"नाळे?" सिस्टर म्हणाली. "नाळे अंदरे नाळेरी! टुमारो! उद्या, उद्या! उद्या या म्हटला मी!"

मग माझी आई, जिचा अर्धा जन्म निपाणीच्या बाजारात कानडी लोकांशी घासाघीस करण्यात गेलाय, तिनं कपाळावर हात मारला. "अगं माझ्या कर्मा! नाळे बर्री! उद्या या! विहीणबाई, अहो त्यो मिरच्या इकणारा मला रोज म्हणतोय की, नाळे बर्री!"

आत्ती म्हणाल्या, "मिरच्या इकणारा म्हणाला तर मला बी कळतंय!"

आणि आई हसायला लागली. माझ्या आईचं हसणं म्हणजे आधी खांदे हलतात, मग खुर्ची हलते, मग आवाज येतो. नवऱ्यानं भिंतीला डोकं टेकवलं आणि हसता हसता ग्रीसच्या हातांनी डोळे पुसले, त्यामुळं तो यक्षगानात निघाल्यासारखा दिसायला लागला. मग मीही. फोनवर सिस्टर अजून होती, ती विचारत होती, मॅडम, काय झालं, का हसताय? मी तिला सांगितलं, तर तिकडं तीही सुरू झाली, आणि तिनं ते डॉक्टरीणबाईंना ओरडून सांगितलं, आणि तिकडून आणखी एक हसू ऐकू आलं. आत्ती एकट्या तेवढ्या हसत नव्हत्या. त्या म्हणत होत्या, "असं कसं बोलतीत ही मान्सं? उद्या म्हणायला काय जीभ झडतीया?" आणि ते ऐकून आम्ही आणखी हसत होतो.

शेवटी आईनं पिशवी उघडली. कडक भाकरी मोडत आम्ही शेंगाचटणी आणि दही खाल्लं, आणि मला इतकी भूक लागली होती की मी नवऱ्याच्या ताटातलंही खाल्लं. तो काही बोलला नाही. तू म्हणशील तसं.

जेवताना मी सांगून टाकलं. "मी उद्या लस घेणार आहे."

आई म्हणाली, "बरोबर हाय." नवऱ्यानं मान हलवली, आणि मग पहिल्यांदाच स्वतःचं मत दिलं. "मला बी तेच वाटत होतं."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू रागावशील म्हणून."

मी रागावले. आत्ती आपलं ताट घेऊन उठल्या आणि आत गेल्या. झालं, मी मनात म्हटलं, सुईचं नाव निघालं की या आत. पण त्या दिवशी मला ते लागलं नाही. पोटात बाळ होतं, नाळ बरी होती, आणि मी ठरवलं होतं. कुणाला पटो न पटो.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत अर्धी रजा टाकली. आई निपाणीच्या बसला जाणार होती, नवरा तिला सोडून कामावर. मी एकटीच कॅम्पात जाणार होते. पदर खोचून बाहेर आले तर आत्ती उंबऱ्यात उभ्या. इस्त्रीची साडी, अंबाड्यात गजरा, हातात पर्स. ही पर्स लग्नाकार्याला निघते.

"तुम्ही कुठं निघालात?"

"तुज्यासंगं."

"आत्ती, मी जाऊन येईन. तुम्हाला आवडत नाही ना."

"चल म्हणते न्हवं?"

रिक्षात बसल्यावर त्या बराच वेळ रस्त्याकडं बघत होत्या. कॅम्पाच्या बाजूला झाडी लागते, तिथं रिक्षाचा आवाज जरा कमी झाला. तेव्हा त्या माझ्याकडं न बघता बोलायला लागल्या.

"गेल्या साली ती टीटीची सुई द्यायला तुला कोन घेऊन गेलतं?"

मला क्षणभर कळेना. मग आठवलं. त्या दिवशी मला शाळेतून यायला उशीर झाला होता, पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणत होते, आणि आत्तीच मागं लागल्या होत्या. चल, आजच घेऊन ये, सुनंला टोचल्याबिगर ठेवायची न्हाय. हात धरून घेऊन गेल्या होत्या. हे सगळं मला माहीत होतं. पण त्याचा असा हिशोब कुणी मांडून बसलं असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मी नेलतं," त्या म्हणाल्या. "तू नगं म्हणत हुतीस. मी वडत नेलं. आनि चार दिसांत ते झालं. तवापास्नं मला सुईचं नाव सोसंना झालंय. तुला वाटलं आसंल सासू माज्यावर रागावलीया. पोरी, मी तुज्याकडं बगू शकत न्हवते."

वर्षभर मी त्या बाईच्या पाठीकडं बघून तिच्या मनातलं वाचत होते आणि एक अक्षर बरोबर वाचलं नव्हतं. "आत्ती," मी म्हणाले, "त्याचा काही संबंध नव्हता हो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं."

"तुला सांगिटलं. मला कोन सांगिटलं?"

खरंच, त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मी रिक्षात त्यांचा हात धरला आणि जे मला सांगितलं होतं ते सगळं त्यांना पहिल्यापासून सांगितलं, त्यांच्याच बोलीत. गर्भ नीट रुजला नव्हता. सुईनं झालं नाही. स्कूटरनं झालं नाही. पपईनं नाही. तुमच्यानं नाही, माझ्यानं नाही. त्यांना सांगता सांगता ते पहिल्यांदा मलाही नीट ऐकू आलं. डोक्यातला बारीक आवाज काही बोलला नाही. मी आणि त्या, दोघी रडत होतो आणि रिक्षावाला आरशातून बघत होता. आत्तींनी त्याला दटावलं, "म्होरं बग."

दवाखान्यात लस येऊन बसली होती. सिस्टरनं आम्हाला बघितलं आणि तोंडावर पदर धरला. "अक्का, नाळ हेंगैतरी?" नाळ कशी आहे? आत्तींनी तिच्याकडं असं बघितलं की तिनं हसू गिळलं आणि सुई भरायला घेतली. मग तिनं विचारलं, पेशंटबरोबर कोण आलंय?

आत्ती पुढं झाल्या. "मी. सासू. मीच आनलंय तिला. नीट ऐकून ठेवा बाई, ही नगंच म्हणत हुती, मीच बळं आनलंय."

"काही काय बोलताय?" मी म्हणाले. "मी ठरवलंय. माझी मी आलेय."

"तू गप. कायबी झालं तर माझं नाव सांगायचं. कुनी इचारलं तर सांगायचं, सासूनं घ्यायला लावली. तुज्या आईला बी, त्या शेजारनीला बी. मला सवय हाय. तू डोक्यात काय घेऊ नगंस."

एक वर्ष जी गोष्ट त्यांना जाळत होती तीच त्या आपल्या पदरात पुन्हा मागून घेत होत्या, ती माझ्या वाट्याला येऊ नये म्हणून. कोपऱ्यातली एक कानडी बाई आपल्या मुलीला विचारत होती, या दोघी कशावरून भांडतायत? आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, कुणीतरी एकीनं या, नाहीतर दोघींना टोचते. सिस्टरनं माझा दंड पुसला. मी आत्तींशी भांडत असतानाच ती म्हणाली, "आयतु." झालं. मला मुंगी चावल्याइतकंही कळलं नव्हतं.

दंडावर कापसाचा बोळा दाबून मी बाकावर बसले. आत्ती शेजारी बसल्या. त्यांचा चेहरा परीक्षेचा निकाल लागायच्या आधी पहिलीतल्या मुलांचा असतो तसा झाला होता.

"आत्ती," मी म्हणाले, "काही वाईट झालं तर तुमचं नाव सांगायचं, ते ठरलं. आणि चांगलं झालं तर?"

त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. गेल्या वर्षापासून आमच्या घरात कुणीच कुणाला विचारला नव्हता. त्यांनी विचार केला, अंबाड्यातला गजरा सारखा केला, आणि इतकं मोठं हसल्या की सिस्टरनं आतून डोकावून बघितलं.

"चांगलं झालं तर," त्या म्हणाल्या, "नाव मी ठेवनार."